कमरेचा घेर आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या

गेल्या अंकात मी मेटाबॉलिक सिंड्रोमवर, म्हणजे पोटाचा घेर, रक्तातली चरबी, रक्तदाब आणि साखर यांचे बिघाड एकत्र येण्यावर लिहिलं होतं. त्याचा मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम त्यात शेवटी जेमतेम दोन ओळींत होता आणि पत्रं आली ती नेमकी त्या दोन ओळींवर. बऱ्याच पत्रांसोबत एमआरआयच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडलेली आहे. सगळ्यांना जागा देता येणार नाही. ज्यांच्या उत्तरातून इतरांचीही शंका फिटेल अशी पत्रं निवडली आहेत, आणि नावं अर्थातच गाळली आहेत.

सिंड्रोमची पाच मोजमापं पुन्हा देते. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर किंवा जास्त, बायकांत ८० किंवा जास्त. हे आकडे आपल्या दक्षिण आशियाई बांध्यासाठीचे. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) १५० किंवा त्यावर. एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० च्या खाली, बायकांत ५० च्या खाली. रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त. दोन्हींतला एक आकडा ओलांडला तरी पुरे. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. पाचांतली कोणतीही तीन जुळली की सिंड्रोम आहे असं धरतात. एखाद्या गोष्टीसाठी गोळी चालू असेल, तर रिपोर्ट नॉर्मल आला तरी ती गोष्ट मोजायची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि आपल्या गोव्यात २६.४ टक्के निघालं, सगळ्या राज्यांत जास्त. त्यामुळे हा विषय गोव्यात घरोघरचा आहे.

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे. प्राथमिक शाळेत मास्तर होते, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. वर्षभरात माणूस पार बदलला. पावलं लहान पडतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटतात. दोन कामं एकदम सांगितली की गोंधळतात. लघवीला लागली की धावपळ, कधी वाटेतच होते. सगळ्यांत वाईट म्हणजे गप्प बसून राहतात. पूर्वी पेपर वाचून घरभर वाद घालायचे. भाऊ म्हणतो, आळशी झालेत. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये शेवटी लिहिलंय : लहान रक्तवाहिन्यांचे जुने बदल, फॅझेकास श्रेणी २, डाव्या बाजूला एक जुना लॅक्यून. आम्हाला सांगितलं, वयोमानानुसार आहे. बीपी १४४/८८, उपाशीपोटी साखर ११६, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३६. प्रत्येक आकड्याला ‘थोडं वाढलंय’ एवढंच उत्तर मिळालं. कमरेचा घेर तुमचा लेख वाचून आम्हीच मोजला, ९८ भरला. हा अल्झायमर आहे का? — एक मुलगी, डिचोली

उत्तर : भावाला आधी सांगा, बाबा आळशी झालेले नाहीत. चाल मंदावणं, विचार मंदावणं, लघवीची घाई आणि उत्साह मावळणं या चार गोष्टी एकत्र आल्या की मी सर्वांत आधी मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांचा विचार करते. त्यांच्या रिपोर्टनं त्याला दुजोराच दिला आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला जवळजवळ पाचवा हिस्सा तो घेतो. मोठ्या धमन्या मेंदूच्या तळाशी आणि पृष्ठभागावर असतात. त्यांच्यातून अगदी बारीक, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीच्या फांद्या आत शिरतात. एखादी बंद झाली तर शेजारची तिच्या मदतीला सहसा येऊ शकत नाही. फोंड्याकडच्या कुळागरात पाटाचं पाणी फिरताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चटकन कळेल : पाटाला पाणी कमी आलं तर तोंडाशी असलेल्या पोफळीला काही जाणवत नाही, ओढ लागते ती टोकाच्या पोफळीला. मेंदूच्या खोलातला पांढरा भाग असा टोकाला आहे. तिथे पेशींचे तंतू असतात, मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात संदेश नेणारे. पायांकडे जाणारे तंतू आणि लघवीवर ताबा ठेवणारे तंतू तिथल्याच, पाण्यानं भरलेल्या पोकळ्यांच्या कडेनं जातात. म्हणून पाय आणि लघवी यांची तक्रार जोडीनं येते. कपाळामागच्या भागाशी असलेली जोडणी सैल झाली की माणूस आपणहून काही सुरू करेनासा होतो. बसवलं तिथं बसतो. घरच्यांना तो आळस वाटतो आणि रुग्णाला बोलणी खावी लागतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण जे त्याच्या हातात राहिलेलं नाही त्यासाठी त्याला दोष दिला जातो.

फॅझेकास ही एमआरआयवर दिसणारे पांढरे डाग मोजायची शून्य ते तीन अशी श्रेणी. दोन म्हणजे डाग एकमेकांना मिळू लागलेत. साठीनंतर थोडेफार ठिपके कित्येकांच्या एमआरआयवर दिसतात, त्यामुळे ‘वयोमानानुसार’ हा शब्द अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण श्रेणी २, सोबत लॅक्यून आणि शिवाय चालण्यातला फरक, एवढं सगळं वयाच्या खात्यावर टाकून फाइल बंद करणं मला मान्य नाही. लॅक्यून म्हणजे ३ ते १५ मिलिमीटरची छोटी पोकळी. तिथे केव्हातरी एक छोटासा स्ट्रोक होऊन गेला, बहुधा कोणाच्या लक्षातही न येता.

आता तुमच्या ‘थोडं वाढलंय’कडे येते. पाचही आकडे तुम्ही दिलेत आणि पाचही मर्यादेबाहेर आहेत. एकेकटा पाहिला तर कोणताही आकडा घाबरवणारा नाही, म्हणून कोणी मनावर घेतलं नसावं. पण ते एकाच रक्तवाहिनीच्या भिंतीवर एकदम काम करतात. पोटातली चरबी वाढली की इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचं द्रव्य स्रवतं, त्यानं वाहिनी गरजेप्रमाणे सैलावते. इन्सुलिन असं निकामी होऊ लागलं की ते द्रव्य कमी पडतं. पोटातल्या चरबीतून दाह वाढवणारी रसायनंही सतत सुटत राहतात. त्यात वाढलेला रक्तदाब. मोठ्या धमन्या वयानं आणि साखरेनं ताठरल्या की प्रत्येक ठोक्याचा दणका थेट त्या बारीक फांद्यांपर्यंत पोहोचतो. त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. मेंदू आणि रक्त यांच्यामधला अडसर झिरपू लागतो आणि रक्तातले नको ते घटक आत उतरतात. यांतलं सगळ्यांत भक्कम सिद्ध झालेलं कारण रक्तदाब आहे. त्याच्या पाठोपाठ मधुमेह आणि धूम्रपान. ट्रायग्लिसराइडचा एकट्याचा वाटा किती, यावर अजून एकमत नाही. मात्र सिंड्रोमचे घटक जितके जास्त तितके पांढरे डाग जास्त, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

हा अल्झायमर आहे का? पत्रावरून तसं वाटत नाही. पण या वयात दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडून तपासून घ्यावं लागेल. माझ्या दवाखान्यात मी अशा रुग्णाला एक साधा प्रश्न विचारते : चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळं-पानं) बांधायची आहे, काय काय आणाल, मिनिटभरात सांगा. बारीक रक्तवाहिन्यांचा आजार असलेला माणूस ‘नारळ… सुपारी…’ म्हणून थांबतो. ‘आणि ते आंबट, पिवळं, मोठं?’ असं म्हटलं की ‘तोरिंजन!’ म्हणतो, आणि पाठोपाठ कांगलां, आंबाडे येतात. माहिती आत आहे, बाहेर यायला वेळ लागतो. अल्झायमरमध्ये नवीन गोष्ट मुळात साठतच नाही, त्यामुळे अशा आठवणीला सूचना देऊनही फारसा उपयोग होत नाही. मग मी व्हरांड्यात चालायला सांगते आणि वळताना पाहते. धडधाकट माणूस दोन-तीन पावलांत वळतो. या आजारात जागच्या जागी पाच-सहा बारीक पावलं टाकत वळतात. हे घरीही पाहता येईल.

न्यूरॉलॉजिस्टना चार गोष्टी मुद्दाम विचारा. मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी वाढण्याचा एक आजार असतो, त्यातही चाल, लघवी आणि विचार हीच तीन लक्षणं असतात आणि त्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते; हा तोच नाही ना? बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय का? मागच्या काही महिन्यांत बाबा पडले होते का, डोक्याला मार लागला होता का? आणि हे नैराश्य असू शकेल का? लघवीच्या घाईसाठी एखादी गोळी सुरू केली असेल तर तिचं नावही दाखवा. त्यांतल्या काही जुन्या गोळ्या आणि झोपेच्या काही गोळ्या विचारशक्ती आणखी मंद करतात.

उपचारात पहिलं काम रक्तदाबाचं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासात दोन गट होते. एकात बीपीचा वरचा आकडा १२० च्या खाली ठेवायचा होता, दुसऱ्यात १४० च्या खाली. १२० वाल्या गटात विचारशक्तीतली सौम्य घसरण कमी लोकांत झाली आणि पांढरे डागही कमी वेगानं वाढले. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) कमी झाल्याचं मात्र ठामपणे सिद्ध झालं नाही, शिवाय त्या अभ्यासात मधुमेही आणि आधी स्ट्रोक झालेले रुग्ण घेतले नव्हते. म्हणून बाबांसाठी १२० चा हट्ट मी धरणार नाही. १३०/८० च्या खाली, हळूहळू, आणि उभं राहिल्यावर चक्कर येत नाही ना हे पाहत. झोपून किंवा बसून बीपी घ्या, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

घरात एका वेळी एकच काम सांगा आणि उत्तराची वाट पाहा. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा, पायपुसणं उचला. चालणं आणि तोल यांसाठी फिजिओथेरपिस्टची मदत घ्या. आणि पखवाज बंद होऊ देऊ नका. ते आपणहून उठणार नाहीत, त्यांना हाताला धरून मंडळात न्यावं लागेल. मंडळातल्या एखाद्या जुन्या साथीदाराला सांगा, विलंबित लयीतल्या अभंगापासून सुरुवात करा. पोकळी झालेला भाग भरून येत नाही. पण पुढचं नुकसान थोपवता येतं, आणि चाल व उत्साह यांत सुधारणा झालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

प्रश्न : वय ४६, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांची नोकरी. कंपनीच्या तपासणीत मेटाबॉलिक सिंड्रोम निघाला. मला काहीच त्रास नाही. मेंदूचा एमआरआय करून घेऊ का? बायको म्हणते, हेही लिही की मी जोरात घोरतो. — मडगाव

उत्तर : लक्षणं नसताना एमआरआय नको. ठिपके दिसले काय, न दिसले काय, करायचं तेच आहे. ठिपके दिसले तर झोप मात्र उडेल. ते पैसे बीपीच्या चांगल्या यंत्रात घाला. त्याऐवजी लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा पाहून घ्या. मूत्रपिंड आणि डोळ्याचा पडदा इथल्या बारीक रक्तवाहिन्याही याच कारणांनी खराब होतात, आणि या तपासण्या एमआरआयपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

बायकोनं लिहायला लावलेली ओळ पत्रातली सगळ्यांत मोलाची. घोरताना मध्येच श्वास थांबतो का, दचकून उठता का, दिवसा पाळीवर डुलकी येते का, हे त्यांनाच विचारा. तसं असेल तर झोपेची तपासणी करा. झोपेत श्वास अडखळला की रात्रभर रक्तदाब उसळत राहतो, आणि दिवसा घेतलेल्या गोळ्या त्याला पुऱ्या पडत नाहीत.

प्रश्न : घरात सासरे, सासूबाई आणि नवरा, तिघांनाही बीपी-साखर. आमच्याकडे दोन्ही वेळा शीत-कडी (भात-कालवण), सकाळी उंडे किंवा पोई हे पाव, पावसात पुरुमेंताचं, म्हणजे साठवणीचं खारं. नवरा सांजेचं थोडं घेतो. कोण म्हणतं नारळ बंद करा, कोण म्हणतं भात बंद करा. स्वयंपाक करणारी मी एकटी, मी करू तरी काय? — एक सून, पेडणे

उत्तर : तीन माणसांसाठी तीन स्वयंपाक करू नका. घरात एकच जेवण असावं आणि तुमच्याही ताटात तेच यावं.

मासळी बंद करायची नाही. बांगडे, तारले हे स्वस्त मासे या आजारात उत्तम. त्यांतली चरबी हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना चांगली. रव्यात घोळून तळण्याऐवजी हुमण (कालवण) करा, किंवा थोड्याशा तेलावर भाजा. नारळाबद्दल मी टोकाची भूमिका घेत नाही. पण तिघांच्या कडीला रोज अख्खा नारळ लागत असेल तर अर्ध्यावर या. आंबटपणाला सोलं आहेतच.

खरा प्रश्न ताटातल्या शिताच्या ढिगाचा आहे. उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा बरा. तोही वाडगाभरच, आणि तो ताटात पडण्याआधी भाजी, कोशिंबीर आणि तोणक (कडधान्याची रस्साभाजी) वाढायचं. अळसांद्यांचं तोणक, मुगागाठी, तांबडी भाजी हे आपल्याकडे सणावारापुरतं किंवा शिवराक (शाकाहारी) दिवसापुरतं उरलंय, ते रोजच्या ताटात आणा. रात्री दुसऱ्यांदा शीत न घेता नाचणीची भाकरी करता आली तर करा. पोई उंड्यापेक्षा बरी, पण बऱ्याच ठिकाणी ती मैद्याचीच असते, वरून कोंडा भुरभुरलेला. पोदेराला (पाववाल्याला) सरळ विचारा, पिठात कोंडा किती घालतोस.

मीठ. मला सगळ्यांत जास्त काळजी याची वाटते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, दिवसभराचं सगळं मिळून. खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), लोणचं आणि वर पेज, एवढ्यानंच ती मर्यादा ओलांडली जाऊ शकते. पुरुमेंताचं सामान फेकून द्या असं मी गोव्यात कोणाला सांगणार नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी, खारं पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, आणि त्या दिवशी लोणचं-पापड नाही. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण सासऱ्यांच्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय आणि त्यांची बीपीची गोळी कुठली ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि काही रुग्णांत ते धोकादायक पातळीवर चढू शकतं.

नवऱ्याच्या ‘थोड्या’बद्दल. दारूनं ट्रायग्लिसराइड वाढतं आणि रक्तदाबही. उर्राकात (काजूच्या दारूत) गोड थंड पेय ओततात, ती साखर वेगळी, सोबतची तळलेली मासळी वेगळी. बंद करता आलं तर सर्वांत चांगलं. ट्रायग्लिसराइड २०० च्या वर असेल तर तीन महिने पूर्ण बंद ठेवून रक्त पुन्हा तपासायला लावा. बायकोच्या सांगण्यापेक्षा दोन रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवले की पुरुषांना लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे. तिघांपैकी कोणी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असेल तर बी-१२ तपासून घ्या, ते या गोळीनं कमी होऊ शकतं.

प्रश्न : वय ७१, बँकेतून निवृत्त. गोळी घेऊन बीपी १२४/७६ आलं, बरं झालं असं समजून दोन महिन्यांपासून गोळी बंद आहे. एमआरआयवर पांढरे ठिपके आणि दोन ‘मायक्रोब्लीड’ आहेत. मला स्ट्रोक कधी झालेला नाही, हृदयविकारही नाही. पण शेजाऱ्याला स्ट्रोक झाला तेव्हापासून मी रोज अ‍ॅस्पिरिन घेतो, रक्त पातळ राहावं म्हणून. घरच्या यंत्रावर बीपी दर वेळी वेगळंच येतं. — म्हापसा

उत्तर : काका, तुम्हाला ज्या गोळीची गरज होती ती तुम्ही बंद केलीत आणि जिची बहुधा गरज नाही ती सुरू केलीत. या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि हे पत्र त्यांना दाखवा.

१२४/७६ हा आकडा गोळी काम करत होती म्हणून आला. गोळी थांबली की रक्तदाब काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्वपदावर जातो, आणि तुम्हाला काहीही जाणवत नाही.

मायक्रोब्लीड म्हणजे बारीक रक्तवाहिनीतून झिरपलेल्या रक्ताचा जुना ठिपका. बारीक रक्तवाहिन्यांचा आजार दोन्ही बाजूंनी दगा देतो, वाहिनी बंद पडते किंवा फुटते. ज्याला स्ट्रोक झालेला नाही, ज्याच्या हृदयाच्या वाहिन्यांत दोष नाही, अशा माणसाला केवळ एमआरआयवरच्या ठिपक्यांसाठी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, असं युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशननं २०२१ च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. फायदा दिसत नाही आणि रक्तस्रावाचा धोका राहतो. हे वाचून इतर कोणी आपली अ‍ॅस्पिरिन परस्पर बंद करू नका. ज्यांना स्ट्रोक होऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे, त्यांच्यासाठी ती आवश्यक असते.

यंत्राचं. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, बसण्याची पद्धत चुकते. चहा, तंबाखू, जिना यांनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवी करून या. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. पाच मिनिटं गप्प बसा. टीव्ही बंद, मोबाइल लांब. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीत, उघड्या दंडावर. सदऱ्याची बाही वर गुंडाळली तर ती दंडाला आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून बाहेर काढा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, लहान पट्ट्यानं आकडा खोटा चढतो. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. चांगला आला तो लिहायचा, असं करू नका. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, बँकेतल्या माणसाला ते जड नाही. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्यावर असेल तर रक्तदाब वाढलेला आहे. तो कागद डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : वय ५४, वजन ५६ किलो, हातपाय काटकुळे. डॉक्टर म्हणतात मेटाबॉलिक सिंड्रोम आहे. मी जाडी नाही, मग हे कसं? — फोंडा

उत्तर : वजनकाट्याला पोटातली चरबी कळत नाही, टेप लावावी लागते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. साडीची गाठ असते ती जागा नव्हे. आपल्या लोकांत हातपाय बारीक आणि चरबी पोटात, ही ठेवण फार आढळते. पाळी गेल्यानंतर बायकांत ती वाढते. तुम्हाला वजन उतरवण्यापेक्षा मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू वाढवायचे आहेत. खाल्लेली साखर जास्त करून तिथेच वापरली जाते. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं, शिवाय दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस. ताटात डाळ, मासे, अंडी यांतलं काहीतरी दोन्ही वेळा हवं.

प्रश्न : स्मरणशक्तीसाठी जाहिरातीतलं टॉनिक घ्यावं का? — वास्को

उत्तर : नको. या आजाराचे पांढरे डाग थांबवल्याचं सिद्ध झालेलं कोणतंही टॉनिक नाही.

प्रश्न : आम्ही काणकोणला राहतो. आईला सगळेच विकार आहेत आणि एमआरआयवर बदलही आहेत. अचानक स्ट्रोक आला तर बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल लांब. घरी आधी काय करायचं? — काणकोण

उत्तर : तोंड एका बाजूला वाकडं, एका हातातली किंवा पायातली ताकद गेलेली, बोलणं जड किंवा निरर्थक, अचानक तोल गेला, अचानक दिसेनासं झालं, यांतलं काहीही दिसलं की लगेच १०८ ला फोन करा. बरं वाटतंय का म्हणून वाट पाहत बसू नका. लक्षणं पाच मिनिटांत ओसरली तरीही जायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातला तुमचा बराच वेळ वाटेत जाणार. फोनवर ‘स्ट्रोक वाटतोय’ हेच शब्द वापरा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणीच न्यायला सांगा.

घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. वाहिनी बंद झाली आहे की फुटली आहे हे स्कॅनशिवाय कोणालाच कळत नाही. बीपीची जादा गोळी देऊ नका. पाणी, चहा, साखर काहीही तोंडात घालू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर मोजा, कारण साखर फार उतरली तरी अशीच लक्षणं दिसतात. आकडा ७० च्या खाली असेल तर १०८ वाल्यांना तेव्हाच सांगा. आई शेवटची ठीक कधी होती ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठतानाच लक्षणं दिसली तर झोपायला गेली ती वेळ लिहा. तो कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुना एमआरआय एका पिशवीत घालून ती दाराजवळ खुंटीला आजच अडकवून ठेवा, म्हणजे घरात त्या वेळी कोणीही असलं तरी ती हाताशी येईल.